तीन अँटिव्हायरस, एक कॉम्प्युटर आणि भावजींचा क्रॅक

गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय, नाव-गाव गाळून थोडक्यात सांगते. घरात एक डेस्कटॉप आहे, २०२० च्या लॉकडाउनमध्ये मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी सेकंडहँड घेतलेला, विंडोज १०, चार जीबी रॅम. मुलगी आता पुण्याला शिकते आणि कॉम्प्युटर आईबाबांकडे राहिलाय. त्यात मिस्टरांचा कुळागराचा, म्हणजे सुपारीच्या बागायतीचा, हिशेब आहे, ताईंच्या बचत गटाची खाती आहेत, गावच्या कालोत्सवात जी नाटकं होतात त्यांच्या टाइप केलेल्या संहिता आहेत आणि पंधरा वर्षांचे फोटो. दुकानदाराने दिलेला अँटिव्हायरस वर्षाने संपला. मग मुलीच्या मैत्रिणीने एक फुकटचा टाकून दिला. मग धाकटे दीर आले, म्हणाले फुकटचे सगळे बोगस, आणि त्यांनी एका पैसेवाल्या 'टोटल सिक्युरिटी'ला क्रॅक मारून दिला, म्हणजे पैसे न भरता चालेल असं त्याचं कुलूप फोडून दिलं, म्हणे लाइफटाइम फ्री. तेव्हापासून मशीन सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात आणि उजव्या कोपऱ्यात सारखं "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले" असं येत राहतं, खाली फोन नंबर. मिस्टर एकदा तो नंबर फिरवायलाच बसले होते. दुकानदार म्हणतो पैसे भरा, मिस्टर म्हणतात एक रुपया देणार नाही, दीर म्हणतात थांबा मी अजून एक आणतो. ताईंचा प्रश्न: "फुकटात सगळ्यात चांगला अँटिव्हायरस कुठला, नाव सांगा, मी तेच टाकते. आणि भावजींना न दुखवता कसं सांगू तेही सांगा."

ताई, नाव सांगते, लगेच सांगते, तुम्हाला शेवटपर्यंत ताटकळत ठेवत नाही. ते तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच आहे. मायक्रोसॉफ्ट डिफेंडर. विंडोज ८ पासून म्हणजे २०१२ पासून तो विंडोजच्या आतच येतो, वेगळा डाउनलोड करायचा नाही, पैसे भरायचे नाहीत, वर्षाने संपत नाही. फक्त तुमच्याकडे तो गप्प बसलाय, कारण त्याची रीतच तशी आहे, दुसरा कुठला अँटिव्हायरस बसला की तो आपणहून बाजूला होतो आणि तो दुसरा काढला की परत कामाला लागतो. म्हणजे इतकी वर्षं घरचा माणूस ओसरीवर बसवून ठेवून तुम्ही बाहेरून राखणदार आणत होता.

आता तुम्ही म्हणाल, फुकट आणि विंडोजबरोबर आलेला, म्हणजे कामचलाऊ असणार. एके काळी खरंच तसं होतं, मी पण लोकांना सांगायचे की डिफेंडरवर अवलंबून राहू नका. आता नाही सांगत. जर्मनीत माग्देबुर्गला एव्ही-टेस्ट म्हणून एक संस्था आहे आणि ऑस्ट्रियात इन्सब्रुकला एव्ही-कम्पॅरेटिव्हज, ह्यांचं कामच ते, सगळ्या कंपन्यांचे अँटिव्हायरस ताज्या व्हायरससमोर बसवायचे आणि मार्क द्यायचे. एव्ही-टेस्टमध्ये पकडण्याला ६, मशीन हळू न करण्याला ६, उगाच भलत्या फाइलवर बोंब न मारण्याला ६, असे १८ मार्कांचे पेपर असतात, आणि डिफेंडर तिथे बऱ्याचदा पैकीच्या पैकी घेऊन येतो, पैसेवाल्यांच्या बाकावर बसून. ही मार्कलिस्ट फुकट बघता येते, दुकानदाराला पण दाखवा.

बाकीचे फुकटवाले वाईट आहेत असं नाही हं. बिटडिफेंडरचा फुकटचा आहे, अव्हास्ट आहे, एव्हीजी आहे, अविरा आहे, पकडायला सगळे बरे आहेत. पण ताई, फुकट देणारी कंपनी पण पगार देते ना लोकांना, तो कुठून येतो हे विचारायला नको? बहुतेक ठिकाणी तो "अपग्रेड करा, अपग्रेड करा" करून येतो, म्हणजे दर दोन दिवसांनी एक भीती दाखवणारी खिडकी उघडते आणि मिस्टर घाबरतात. ते चालून जातं एक वेळ. पण अव्हास्टचं जे झालं ते लक्षात ठेवा. लोक कुठल्या साइटवर जातात ती माहिती गोळा करून जम्पशॉट नावाच्या आपल्याच दुसऱ्या कंपनीतर्फे ते विकत होते, २०२० च्या जानेवारीत बोभाटा झाला तेव्हा जम्पशॉट बंद केली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगाने त्यांना १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. तो अँटिव्हायरस होता, ताई! राखायलाच ठेवला होता.

तर एक. दुसरं म्हणजे तुम्ही धरून चाललाय की जितके जास्त तितकं बरं, एकाने सोडला तर दुसरा पकडेल. तसं होत नाही. अँटिव्हायरस करतो काय, की तुम्ही कुठलीही फाइल उघडली की ती उघडायच्या आधी मध्ये हात घालून तपासतो. दोन असले की दोघे हात घालतात, एकच फाइल दोघे ओढतात, आणि वर एकमेकांच्या पेटीत ठेवलेले व्हायरसचे नमुने बघून एकमेकांवरच संशय घेतात. चार जीबी रॅमच्या मशीनवर तीन म्हणजे दहा मिनिटं लागणारच. आपल्याकडे गावाला राखणदार एकच असतो आणि त्यालाच आपण रोट देतो, तीन नेमून बघा एकदा, गावकीची बैठक संपायची नाही.

आता भावजींकडे येते, कारण खरी काळजी मला तिथे वाटते. दुकानदाराचा संपलेला अँटिव्हायरस नवं काही पकडत नाही, नुसता जागा अडवून बसतो, मैत्रिणीने दिलेला पण ठीक. पण क्रॅक. भावजींनी तो बसवला तेव्हा तुम्ही शेजारी बसला होता का? आठवून बघा, क्रॅकबरोबर जी सूचनांची फाइल येते तिच्यात पहिली ओळ हमखास असते की आधी अँटिव्हायरस बंद करा, मग ही फाइल चालवा, तो विचारेल "परवानगी देऊ का", हो म्हणा. अहो, चोर म्हणतोय आधी कुत्रा बांधा मग मी आत येतो, आणि आपण बांधतोय. आणि कशासाठी, तर कुत्रा फुकट मिळावा म्हणून! त्या क्रॅकमध्ये काही असेलच असं नाही. पण असलं तर ओळखायचं कोणी, जो ओळखणार होता त्यालाच तर मोडलाय. आजकाल क्रॅकमधून जे येतं ते मशीन बंदबिंद पाडत नाही, गुपचूप क्रोममध्ये सेव्ह केलेले पासवर्ड उचलतं आणि निघून जातं, तुम्हाला पत्तासुद्धा लागत नाही.

म्हणून माझं सांगणं, ह्या क्रमाने करा, एका रविवारी सकाळी पेज घेऊन बसा, दुपारपर्यंत होईल. पहिलं म्हणजे कॉम्प्युटरला हात न लावता फोनवरून तुमचा जीमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदला, आणि जीमेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर फोनवर परत एकदा विचारतं ते) लावा. त्याच कॉम्प्युटरवरून बदलू नका, आत कोणी बसलं असेल तर नवा पण घेऊन जाईल. मग सेटिंग्जमध्ये ॲप्समध्ये जाऊन तिन्ही अँटिव्हायरस एकेक करून अनइन्स्टॉल करा, प्रत्येकानंतर रीस्टार्ट, कंटाळा येईल पण करा. एखादा निघत नसेल तर त्याच कंपनीच्या साइटवर तो काढायचं वेगळं टूल मिळतं. सगळे गेले की स्टार्टमध्ये विंडोज सिक्युरिटी असं टाइप करून उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनवर हिरवी खूण दिसली पाहिजे.

हिरवी खूण दिसली म्हणून थांबू नका पण. तिथेच आत मॅनेज सेटिंग्जमध्ये खाली एक्सक्लूजन्स म्हणून एक जागा आहे, कोणी तिकडे बघतच नाही. एक्सक्लूजन म्हणजे "इथे तपासू नकोस" अशी यादी. क्रॅकवाले पुष्कळदा तिथे स्वतःचं फोल्डर लिहून ठेवतात, काही महाभाग तर आख्खा सी ड्राइव्ह टाकतात, म्हणजे डिफेंडर चालू, खूण हिरवी, आणि तपासायला शिल्लक काहीच नाही. तुमच्या त्या यादीत जे काही असेल ते सगळं काढा. मग स्कॅन ऑप्शन्समध्ये ऑफलाइन स्कॅन आहे तो करा, मशीन बंद होऊन परत चालू होईल आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासेल, पंधरा मिनिटांचा कारभार. मनाच्या समाधानाला मालवेअरबाइट्स फुकटचा घेऊन एकदा फिरवा, तो आधी १४ दिवस प्रीमियम ट्रायल देतो, मग आपण म्हटलं तेव्हाच तपासणारा साधा फुकटचा होतो, तसाच राहू दे. ह्यात काही गंभीर सापडलं तर मात्र मलमपट्टी नको, तुमच्या फाइली बाहेर कॉपी करून घ्या, फक्त हिशेब फोटो संहिता, प्रोग्राम नाही, आणि रीसेट धिस पीसी करून विंडोज नव्याने बसवा.

आणि ते "५ व्हायरस सापडले". ते बहुतेक व्हायरस पण नाही आणि अँटिव्हायरस पण नाही. मिस्टरांना विचारा, सुपारीचे भाव बघायला किंवा क्रिकेट बघायला कुठल्याशा साइटवर गेले असतील, तिथे वरती विचारलं असेल "अलाउ की ब्लॉक", आणि आपण सगळे तसेच, अलाउ दाबून पुढे. ती साइट आता ब्राउझरमधून चिठ्ठ्या पाठवतेय. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स, तिथे अनोळखी नावांची रांग दिसेल, एकेक काढून टाका. दोन मिनिटात कोपरा शांत. मी एका शेजारणीच्या लॅपटॉपवर अशी सतरा नावं काढली, ती म्हणाली अगं मी तर पैसे भरायला निघाले होते.

तो नंबर मात्र कधी फिरवायचा नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतोच. पलीकडचा गोड बोलून एनीडेस्कसारखं काहीतरी टाकायला सांगतो, ते चांगलं सॉफ्टवेअर आहे पण त्याने तुमचा स्क्रीन त्याच्या हातात जातो, मग रिफंडच्या नावाने बँक उघडायला लावतो. कधी कोणाच्या घरी असं झालंच आणि पैसे गेले तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा, तो सरकारचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, जितक्या लवकर कळवाल तितके पैसे वाटेत अडवायची शक्यता जास्त.

इथपर्यंत तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं, पण पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं की तुम्ही व्हायरसला घाबरताय आणि ज्याला घाबरायला पाहिजे ते पत्रात कुठेच नाहीये. तुमच्या संहिता आणि फोटो दुसरीकडे कुठे आहेत? एकच प्रत आहे ना? सत्तरीत ऑक्टोबरच्या संध्याकाळी कसला गडगडाट होतो ते मी तुम्हाला सांगायला नको, करंट जातो येतो, एखाद्या दिवशी प्लग काढायचा राहतो आणि एका विजेत हार्डडिस्क गेली की जगातला कुठलाच अँटिव्हायरस ती परत आणत नाही. जुनी सेकंडहँड डिस्क वीज न पडताही जाते. आणि व्हायरसच म्हणाल तर फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारे, त्यांच्यावर पण शेवटचा उपाय दुसरी प्रतच. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय आला तेव्हा जगभर इस्पितळांपासून कारखान्यांपर्यंत मशिनं बंद पडली, आणि गंमत म्हणजे त्याचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच अपडेटमधून दिला होता, लोकांनी अपडेट "नंतर करू" म्हणून ठेवलेलं.

मिस्टरांना जो रुपया द्यायचा नाहीये ना, तो इथे द्यायला लावा. एक बाहेरची हार्डडिस्क. महिन्यातून एकदा, बचत गटाच्या बैठकीच्या आदल्या दिवशी म्हणा, जोडायची, कॉपी करायची आणि काढायची. काढायची हे महत्त्वाचं, जोडून ठेवलेली डिस्क विजेत पण जाते आणि कुलूपवाल्या व्हायरसमध्ये पण जाते. हिशेब आणि संहिता काही मोठ्या नसतात, त्या गूगल ड्राइव्हवर फुकटच्या १५ जीबीत आरामात बसतील, फोटोंना मात्र डिस्कच.

अपडेटवरून आठवलं, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. डिफेंडरला नव्या व्हायरसची माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय, पण विंडोजमधलीच भोकं बुजवणारी अपडेट्स हवी असतील तर वाढीव मुदतीत नाव नोंदवायला लागतं, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर घरच्या कॉम्प्युटरला ती फुकट मिळते. विंडोज अपडेटच्या पानावरच दिसेल. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, तुमचा सेकंडहँड कदाचित त्यात बसणार नाही. नाही बसला तर त्या मुदतीनंतर लिनक्स मिंट हा एक चांगला रस्ता आहे, फुकट, चार जीबीत चालतो, हिशेब आणि टायपिंगला काही अडत नाही, फक्त तुमच्या संहिता जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेल्या असतील तर तो फाँट सोबत न्यायला लागेल, ते आधी मुलीला तपासायला सांगा. आणि हो, दुकानदाराने टाकून दिलेलं विंडोज खरं आहे का तेही सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनला जाऊन बघा, सेकंडहँड मशिनीत तिथेच क्रॅक सापडतो कधी कधी. मग भावजींना एकट्याला काय बोलायचं.

पेनड्राइव्हचं थोडं सांगते, कारण संहितेच्या प्रिंट काढायला तुम्ही वाळपईला झेरॉक्सच्या दुकानात जातच असणार. माझी स्वतःची फजिती. एका दुकानात (कुठलं ते सोडा) पेनड्राइव्ह दिला, चाळीस पानं काढून घेतली, घरी येऊन लावला तर सगळी फोल्डरं जागच्या जागी पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात तो छोटासा वाकडा बाण, आणि साइज बघते तर एक केबी, दोन केबी. माझी आख्खी वर्षाची कागदपत्रं एक केबीत! मला घामच फुटला. ती फोल्डरं नव्हतीच, शॉर्टकट होते, मूळ फोल्डरं त्या व्हायरसने लपवून ठेवली होती आणि शॉर्टकटवर क्लिक केलं असतं की तो माझ्या मशिनीत उतरला असता. फाइली कुठे गेल्या नव्हत्या. डिफेंडरने पेनड्राइव्ह स्कॅन करून घेतला, मग फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यूमध्ये जाऊन हिडन आयटम्सवर टिक केली (सिस्टिमच्या लपवलेल्या फाइली दाखव म्हणून अजून एक टिक काढायला लागली), फिकट रंगात सगळी परत दिसली, ती कॉपी करून घेतली आणि पेनड्राइव्ह फॉर्मॅट मारला. तेव्हापासून झेरॉक्सला वेगळा पेनड्राइव्ह, त्यात फक्त ती एक पीडीएफ, घरी आल्यावर तो परत कॉम्प्युटरला न लावता तसाच ड्रॉवरमध्ये. किंवा सरळ ईमेल करायची दुकानदाराला.

मिस्टरांसाठी एक गुपचूप उपाय पण आहे. सेटिंग्जमध्ये अकाउंट्समध्ये त्यांना वेगळं अकाउंट काढून द्या, स्टँडर्ड, ॲडमिन नको. ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे. म्हणजे काही नवीन बसायला लागलं की मशीन पासवर्ड मागेल आणि त्यांना तुम्हाला हाक मारायला लागेल. संशय म्हणून नाही, माझ्या स्वतःच्या मशिनीवर मी पण रोजच्या कामाला स्टँडर्डच वापरते.

पैसेवाला कधी घ्यायचा? पोरांच्या वापरावर लक्ष ठेवायचंय, चारपाच मशिनं आहेत, किंवा अडलं तर मराठीत फोनवर बोलणारं कोणीतरी पाहिजे, तर घ्या, त्यात चूक काही नाही. पुण्याची क्विक हील आहे, बाकीच्या आहेत. पण तेव्हा बिल घेऊन घ्या, आणि एकच.

राहता राहिले भावजी. तुम्ही लिहिलंय की ते चिडतात, "मी एवढं केलं आणि तुम्हाला किंमत नाही". ताई, त्यांनी वाईट हेतूने केलं नाही, आपल्याकडे घरच्यांसाठी काहीतरी फुकट जमवून आणणं ही माया दाखवायची पद्धतच आहे. म्हणून "तुमचा क्रॅक काढला" असं नका सांगू, आणि खोटं पण नका सांगू. म्हणा, "भावजी, तीन झाले होते, मशीन उठत नव्हतं, विंडोजवालाच ठेवलाय. तुम्ही चवथीला याल तेव्हा एक काम करा माझं, हार्डडिस्क आणून द्या चांगली बघून आणि ह्यांचे फोटो वर्षावार लावून द्या." अशा माणसाला काम काढून घेतल्याचा राग येतो, दुसरं दिलं की जातो. आणि ते फोटो लावताना दोघे भाऊ जुन्या नाटकांचे फोटो बघत बसतील, चहा दोनदा करायला लागेल एवढंच. तरी पुढच्या वेळी ते पेनड्राइव्हवर काही घेऊन आलेच तर ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे आहे, तो आठवत नाहीये म्हणायला माझी हरकत नाही.

डिस्क आली की कॉम्प्युटरच्या टेबलावर ठेवू नका, कपाटात ठेवा, घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि चपलांच्या खोक्यात त्या पांढऱ्या पुड्या येतात ना, त्या दोनचार आत टाका. पावसाळ्यात आपल्याकडे पुस्तकांना बुरशी येते, डिस्कला का सोडेल.